भिजलेल्या फोटोंचं रजिस्टर

ताई,

शुक्रवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. आजोबांनी काढला, बाबांनी वाढवला, आता बाबा आणि मी मिळून चालवतो. पासपोर्ट फोटो, बारसं, डोहाळजेवण, लग्नाचे अल्बम. मी चित्रकलेचा डिप्लोमा केलाय. २०१९ च्या महापुरात स्टुडिओत छातीएवढं पाणी होतं. माळ्यावर गुंडाळून ठेवलेला आजोबांच्या वेळचा रंगवलेला पडदा वाचला, नंबरांची रजिस्टरं वाचली. खालच्या रॅकमधले जुने प्रिंट आणि निगेटिव्हचे डबे मात्र आठवडाभर पाण्यात राहिले. बाबा म्हणाले, टाकून दे. मी तीन क्रेट भरून गच्चीवर नेले आणि वाळवले. नंतर एकेक सोडवत गेले तर नवरीच्या चेहऱ्याच्या जागी केशरी ढग, मुंजीतल्या मुलाचे फक्त हात, कुणाच्या तरी आजीच्या लुगड्याचा काठ तेवढा शिल्लक. मला ते टाकवेनात. मी त्यांच्या कॉप्या करत गेले, आज एकशे चाळीस झाल्यात. शाहू स्मारकच्या कलादालनात सहा दिवसांची तारीखही मिळाली आहे.

कॉलेजातले सर म्हणाले, "हे नदीनं केलं, तू काय केलंस? रंगवून दाखव." मित्र म्हणतो, कॅनव्हासवर प्रिंट काढ, वरून ब्रशचे चार हात मार, पेंटिंग म्हणून खपतील. मावसभाऊ म्हणतो, असलं एआय दोन मिनिटांत करून देतं. बाबा तर या विषयावर बोलतच नाहीत. एकदाच म्हणाले, "लोकांनी विश्वासानं चेहरे दिले होते आपल्याकडं." ताई, मी हे रंगवलेलं नाही, मूळ फोटोही मी काढलेले नाहीत. मग यात माझं काय? याला फोटो म्हणू की कला? प्रदर्शन करू की तारीख सोडून देऊ?

— एक वाचक, कोल्हापूर

तारीख सोडू नकोस. पण त्या तारखेआधी तुला एक काम उरकायचं आहे आणि ते फ्रेमा टांगण्यापेक्षा मोठं आहे. तुला सल्ला देणाऱ्या चौघांत सगळ्यात कमी बोललेल्या माणसानं सगळ्यात मोलाचं सांगितलंय. तिकडं मी सावकाश येते. आधी सरांचं बोलणं घेऊ, कारण तेच तुझ्या मनाला जास्त लागलेलं दिसतंय.

"नदीनं केलं, तू काय केलंस?" या प्रश्नाचा आजा म्हणजे "यंत्रानं केलं, तू काय केलंस?" १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली, तेव्हापासून कॅमेरा धरणाऱ्या प्रत्येकाला हे कुणी ना कुणी विचारत आलंय. वीस वर्षांनी, १८५९ मध्ये, बोदलेअर या फ्रेंच कवीनं तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना फोटोग्राफीला चांगलंच झोडपलं. त्याच्या मते फोटोग्राफीनं विज्ञानाची आणि कलांची दासी होऊन राहावं, कल्पनेच्या प्रांतात पाऊल टाकू नये. तेव्हा तुझ्या सरांच्या पाठीशी मोठी परंपरा उभी आहे. त्यांनी ते मुद्दाम तुला दुखवायला म्हटलं असेल असं मला वाटत नाही. रेषा घोटवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला हातानं न केलेलं काम परकं वाटतंच.

पण आपल्या गावात हे भांडण कधी फारसं पेटलं नाही, आणि हे तुला माहीत असायला हवं. बाबूराव मेस्त्रींना सगळा महाराष्ट्र ओळखतो तो बाबूराव पेंटर म्हणून. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्राचं वेड लागलं. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो घडवायलाच घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या शिष्यांना हाताशी धरून काम पुरं केलं आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. खरी कॉर्नरला जो कॅमेरा स्तंभ उभा आहे, तिथून तू हजारदा गेली असशील. ज्या माणसाचं नावच पेंटर, त्याच्या आठवणीला या गावानं उभा केला तो कॅमेरा. रंग श्रेष्ठ की भिंग, असा प्रश्न त्या पिढीला पडलेला दिसत नाही. त्यांना चित्र हवं होतं, मग ते कशातून का निघेना.

तुझ्या स्टुडिओत तरी काय वेगळं होतं? पायऱ्या, कठडा आणि मागं चंद्र असलेला तो पडदा कुणा पेंटरनंच रंगवलाय ना? त्याच्यापुढं गिऱ्हाईक बसायचं, आजोबा फोटो काढायचे, मग ब्रोमाइडवर, म्हणजे कृष्णधवल प्रिंटवर, कुणीतरी बारीक कुंचल्यानं कुंकू लाल करायचं, नथीला सोनेरी टिंब द्यायचं. आज जगभरच्या संग्रहालयांत असे रंगवलेले भारतीय फोटो जपून ठेवलेत. आणि समकालीन कला फिरून त्या पडद्यापाशीच आली. बंगळूरच्या पुष्पमाला एन. या मूळच्या शिल्पकार. त्यांनी क्लेअर आर्नी या फोटोग्राफरबरोबर २००० ते २००४ या काळात एक मोठी मालिका केली. तिच्यासाठी तुझ्या आजोबांच्या स्टुडिओत शोभतील असे पडदे रंगवून घेतले आणि पुष्पमाला स्वतः त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. कधी रविवर्म्याची लक्ष्मी म्हणून, कधी इंग्रजांनी मापं घेऊन फोटो काढलेली आदिवासी बाई म्हणून. लक्ष्मीची ओळखीची पोझ एका जिवंत बाईच्या अंगावर पाहिली, की ती तसबीर मुळात कुणी आणि कुणासाठी बनवली हे मनात येतं. पडदा तोच, पण त्याच्यापुढं उभं राहायचं कारण बदललं आणि काम कलादालनात गेलं.

म्हणजे फोटो की कला, हे ठरवण्याची जबाबदारी तुझ्यावर नाही. तो निकाल केव्हाच लागलाय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं फोटोग्राफीचा स्वतंत्र विभाग १९४० साली उघडला. जर्मनीतलं बेखर जोडपं, बर्न्ड आणि हिला, वर्षानुवर्षं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो काढत राहिलं. दर वेळी ढगाळ उजेड, दर वेळी समोरून, माणूस कुठंच नाही. मग नऊ-नऊ, बारा-बारा टाक्या शेजारी शेजारी लावायच्या. १९९० साली व्हेनिसच्या बिनाले प्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह मिळाला, आणि तो मिळाला शिल्पकलेसाठी. फोटोंना शिल्पाचं पारितोषिक! टाक्या त्यांनी बांधल्या नव्हत्या. त्यांचं होतं ते निवडणं, एका शिस्तीनं पाहणं आणि लावणं.

मूळ फोटो आपण काढलेलेच नाहीत, ही तुझी दुसरी टोचणी. त्यासाठी विवान सुंदरम यांचं काम पाहा. अमृता शेरगिल त्यांची मावशी आणि उमरावसिंग शेरगिल आजोबा. उमरावसिंगांनी घरच्या माणसांचे आणि स्वतःचे असंख्य फोटो काढून ठेवले होते. नातवानं २००१-०२ मध्ये ते कॉम्प्युटरवर एकात एक मिसळले. वेगवेगळ्या सालांतली माणसं एका खोलीत आणली. मावशी, आजोबा, आरसे, सगळं एका चौकटीत. मूळ फोटो एकही त्यांचा नाही आणि तरीही ते काम त्यांचंच आहे.

आता सरांची बाजू घेते. त्यांच्या प्रश्नाला तू अजून पुरतं उत्तर दिलेलं नाहीस. एकशे चाळीस ही निवड नव्हे, तो साठा झाला. तू वाचवलंस, वाळवलंस, कॉपी केलंस. ते कष्ट मोठे आहेत, पण निवडायला तू अजून बसलेली नाहीस. आणि निवडायचं कसं, ते ठरवण्याआधी नदीनं नेमकं काय केलं ते समजून घे.

रंगीत फोटोच्या कागदावर रंगाचे तीन थर असतात, जिलेटिनमध्ये बसवलेले. सगळ्यात वर निळसर, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ होतं आणि मग जंतू आणि बुरशी त्यावर ताव मारतात. ते वरून खात येतात. निळसर थर गेला की उरतो किरमिजी आणि पिवळा, म्हणजेच तुझे ते लाल-केशरी ढग. किरमिजीही गेला की नुसता हळदीसारखा पिवळा. तोही गेला की कोरा पांढरा कागद. नवरीच्या चेहऱ्याचा केशरी ढग म्हणजे पाणी किती खोल गेलं याची नोंद आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुझ्याकडं तीच मोजणी कागदाच्या थरांत आहे.

हे कळलं की लावायची रीत आपोआप सुचेल. तू बहुधा लग्नं एकीकडं, मुंजी एकीकडं अशी मांडणी मनात धरली असशील. मी असते तर निवडलेले फोटो एका लांब ओळीत लावले असते. अगदी कडेला डाग पडलेल्या, चेहरा शाबूत असलेल्या फोटोपासून सुरुवात, मग केशरी, मग पिवळा, आणि दालनाच्या शेवटच्या भिंतीवर कोरा कागद. त्याच्याखाली रजिस्टरातला नंबर. तीस फोटो पुरतील, चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी. माझी ही मांडणी तू उचलायलाच हवी असं नाही, पण तुझी जी असेल तिला असं एखादं कारण हवं. सरांना उत्तर द्यायचं ते त्या कारणानं.

आणखी एक गोष्ट या थरांनी मला सांगितली. कृष्णधवल ब्रोमाइडमध्ये रंगद्रव्य नसतं, चांदीचे कण असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत. जिलेटिन टिकलं तर चित्र टिकतं. म्हणजे तुझ्या क्रेटमध्ये आजोबांचं काम बरंच वाचलेलं असणार आणि वाहून गेलं असणार ते बाबांचं. रंगीत जमाना बाबांचा. दिवसभर लग्नात उभं राहून काढलेले रोल, लॅबला पाठवून मागवलेले प्रिंट, त्यातले नवरीचे चेहरे गेले. तुला जे टाकवलं नाही ते त्यांच्या हयातीचं पुसलेलं काम आहे. ते बोलत नाहीत यात राग किती आणि दुःख किती, हे तू त्यांच्यापाशी बसून समजून घ्यायला हवं. एवढ्या फोटोंबद्दल इतकं लिहिलंस, पण ते फोटो काढणाऱ्याला काय वाटलं याची एक ओळही तुझ्या पत्रात नाही.

आता त्यांचं वाक्य. लोकांनी विश्वासानं चेहरे दिले होते.

याविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही, त्याचं कारण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दालनात मी प्रदर्शन बघत होते. चित्रकारानं जुन्या बाजारातून स्टुडिओतले जुने फोटो किलोवर घेतले होते, भिंतभर चिकटवले होते आणि प्रत्येकीच्या डोळ्यांवरून लाल दोरा शिवला होता. खाली पाटी होती 'अनामिक स्त्रिया'. तिसऱ्या ओळीत माझी आत्या होती. खुर्चीच्या पाठीवर हात, नाकात मोत्याची नथ, केसांत अबोली. तो फोटो आमच्या घरात होता, लहानपणापासून मी तो पाहिलेला. दुसरी प्रत कुठून कशी त्या बाजारात गेली देव जाणे. आत्या अनामिक नव्हती. तिनं कागल तालुक्यात एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, दोन भावंडांची शिक्षणं केली. मी त्या दिवशी तिथं होते तेव्हा ती जिवंत होती. मी कुणाला काही बोलले नाही, घरी आले, आणि तिलाही कधी सांगितलं नाही. त्या दोऱ्यामागं त्या कलाकाराचा काही गंभीर विचार असेलही. बायकांना कसं गप्प केलं गेलं, असं काहीतरी. पण त्या भिंतीवर माझ्या आत्याला गप्प कुणी केलं, हे मला विचारायचं होतं.

म्हणून तुला सांगते, बाबांचं वाक्य प्रदर्शनाच्या आड येणारं नाही. प्रदर्शन त्या वाक्यावरच उभं राहायला हवं.

कायदाही त्यांच्या बाजूचा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक ते गिऱ्हाईक. निगेटिव्ह तुमच्या रॅकमध्ये असेल, हक्क तुमचा होत नाही. पासपोर्ट फोटोला करार कोण करतं? तेव्हा ज्या फोटोत माणूस ओळखू येतो तो विचारल्याशिवाय भिंतीवर लावायचा नाही, विकायचा तर मुळीच नाही.

हे अवघड वाटेल, पण अशाच प्रसंगातून एक सुंदर काम झालेलं आहे. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या यामामोतो या गावी चिखलात सापडलेले लाखो फोटो लोकांनी गोळा केले. स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, वाळवले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि ज्याचे त्याला शोधून परत देत राहिले. ओळखण्यापलीकडं गेलेले, ज्यांचं काही होऊ शकत नव्हतं असे फोटो तेवढे प्रदर्शनात गेले, तिथून देशोदेशी फिरले. आधी परत देणं, उरलेल्याचं प्रदर्शन. त्या भिंतीपुढं लोक उभे राहायचे ते या क्रमामुळं, असं मी मानते.

तुझ्याकडं तर त्यांच्यापेक्षा मोठी सोय आहे. तुझ्याकडं रजिस्टर आहे. नंबर, नाव, तारीख, किती कॉप्या, किती बाकी. पेठेतली माणसं पेठेत आहेत, फार तर फुलेवाडीला किंवा आर. के. नगरला राहायला गेलीत. तालमीच्या फळ्यावर एक कागद लाव, मंडळाच्या ग्रुपवर टाक, की अमुक अमुक सालांतले पुरात भिजलेले फोटो स्टुडिओत बघायला ठेवलेत, संध्याकाळी सहा ते आठ या. लोक येतील. पूर या गावाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. जामदार क्लबपर्यंत पाणी आलं एवढं ऐकलं की पुढच्या गल्लीतला माणूस सामान माळ्यावर टाकायला लागतो. एखादी बाई येईल आणि तो केशरी ढग बघून म्हणेल, ही माझी जाऊ, हा शालू मी ओळखते. तिला विचार, हे लावू का? हो म्हणाली तर तिच्याकडून नाव लिहून घे, जेवढं तिला सांगायचं आहे तेवढं ऐकून घे आणि एक चांगला प्रिंट तिला फुकट दे. नाही म्हणाली तर मूळ कागद तिच्या हातात ठेव आणि तिच्यासमोर फाइल काढून टाक, कितीही सुंदर असली तरी. गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर घरात जे मोठं असेल त्याला विचार. घाई करू नकोस, चहा ठेव. ज्यांचा नंबरही गेला आणि चेहराही, ते फोटो लाव, पण शोध घेऊनही कळलं नाही, असं खाली स्पष्ट लिही. 'अनामिक' हा शब्द वापरू नकोस, माझ्यासाठी.

फोटोखालची पाटी कशी असावी हेही सांगते. गौरी गिल या फोटोग्राफर आणि आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड, या दोघांनी २०१३ पासून एकत्र काम केलंय. गिल यांनी त्या मुलखाचे काळेपांढरे फोटो काढले, वांगडांनी त्यांच्यावर वारली रेषेनं जंगल, देव, दंगे, दुष्काळ, धरणं काढली. फोटोला समोरचं माळरान दिसतं, त्या माळरानावर काय काय घडून गेलं ते रेषेला ठाऊक असतं. ही चित्रं दोघांच्या नावानं लागतात. तुझ्याही कामाला एकाहून जास्त हात लागलेत. मग पाटीवर आजोबांचं किंवा बाबांचं नाव फोटोग्राफर म्हणून घाल, फोटोचं साल, परवानगी दिलेल्या माणसाचं नाव, 'पंचगंगेचं पाणी, ऑगस्ट २०१९', आणि सगळ्यात शेवटी तुझं नाव, निवड आणि प्रत करणारी म्हणून. "यात माझं काय" याचं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि ती ओळ लहान नाही.

मित्राचा कॅनव्हास विसरून जा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतले फोटोग्राफर हेच करत होते. मऊ भिंगं, खरबरीत कागद, कुंचल्यानं ओढल्यासारखे प्रिंट, जेणेकरून चित्रकारांच्या पंगतीत पाट मिळावा. त्यांतले काही प्रिंट फार सुरेख आहेत, पण पुढं फोटोग्राफीला मान मिळाला तो फोटोनं फोटोसारखं दिसायचं ठरवल्यावर. तुझ्या आजोबांच्या काळी नथीला सोनेरी टिंब दिलं जायचं ते गिऱ्हाइकाला सोनं हवं होतं म्हणून, फोटोची लाज वाटत होती म्हणून नव्हे. त्या केशरी ढगावर तू खोटा कुंचला फिरवलास तर पाण्यानं काय केलं आणि तू काय केलंस हे कुणालाच कळणार नाही. मग सरांचा प्रश्न कायमचा बिनउत्तराचा राहील.

मावसभावाला फार वेळ देऊ नकोस. २०२३ साली बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकारानं एआयनं बनवलेली प्रतिमा एका मोठ्या जागतिक फोटो स्पर्धेत पाठवली, ती निवडली गेली, आणि त्यानं हे उघड करून बक्षीस नाकारलं. तो वाद महत्त्वाचा आहे, चालत राहील. तुझ्या फोटोंना त्याची झळ लागत नाही. एआयच्या केशरी ढगाखाली रजिस्टरातला नंबर नसतो आणि कुणाची जाऊ तो शालू ओळखायला येत नाही.

आता कामाचं थोडं. मूळ प्रिंट जे अजून एकमेकांना चिकटलेले असतील ते ओढून सोडवू नकोस, तसेच्या तसे कॉपी कर, तो गठ्ठाही एक चित्रच आहे. बुरशी धरलेले प्रिंट आणि निगेटिव्ह पुन्हा पाण्यात घालू नकोस. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि उरलंसुरलं निघून जातं. कोरड्या मऊ ब्रशनं झाडून, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलसकट, हवाबंद डब्यात आणि हो, माळ्यावर ठेव. पुन्हा कधी फोटो भिजले तर ते वाळून चिकटण्याआधी स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, दोन दिवसांच्या आत एकेक वेगळा करून पसरायचा, तेवढा वेळ नसेल तर गोठवायचे. वाकडे झालेले प्रिंट स्कॅनरवर दाबू नकोस, कॉपी स्टँडवर, म्हणजे वरून कॅमेरा लावायच्या स्टँडखाली ठेव, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे. सोललेल्या कडा आणि सुरकुत्या दिसू देत, सफाई करू नकोस.

प्रिंट सुती कागदावर, पिगमेंट शाईत काढ. फ्लेक्स नको आणि लग्नाच्या अल्बमचा चकचकीत कागदही नको. आकार मोठा करायचा मोह होईल. आंद्रेआस गुर्स्की हा बेखर दांपत्याचा विद्यार्थी, त्याचा ऱ्हाईन नदीचा भिंतीएवढा फोटो २०११ साली लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेला, तेव्हापासून मोठं म्हणजे कला असं पुष्कळांना वाटतं. त्याच्या नदीला तो आकार हवा होता. तुझे फोटो हातात धरायचे होते, पाकिटात ठेवायचे होते, देव्हाऱ्याशेजारी लावायचे होते. बहुतेक मूळ आकारातच लाव, पोस्टकार्ड साइजचे. बघणाऱ्याला वाकून जवळ यावं लागू दे. दोन-तीनच मोठे कर, ज्यांत माणूस पूर्ण गेलाय आणि नुसता रंग उरलाय.

विक्रीचं म्हणशील तर ज्यांच्या घरच्यांनी विक्रीलाही हो म्हटलंय तेवढेच विकायचे. लावायला दिलेला होकार विकायला पुरत नाही, ते वेगळं विचार. प्रत्येकाच्या पाच प्रती, त्याहून जास्त कधीच नाही. मागं पेन्सिलीनं एकपासून पाचपर्यंतचा नंबर, तारीख, सही, आणि तेच सगळं एका वहीत. पैशातला वाटा त्या घराला द्यायचा की नाही, हे तू आणि बाबा ठरवा. मी म्हणेन द्यावा.

आणि तो पडदा खाली काढ. पायऱ्या, कठडा, चंद्र. दालनाच्या दारातच टांग, पुढं स्टुडिओतली लाकडी खुर्ची ठेव. सहाही दिवस बाबा तिथं कॅमेरा घेऊन बसतील का, ते त्यांना विचार. ज्यांचे फोटो गेले त्यांचा नवा फोटो, त्याच पडद्यापुढं. ते नाही म्हणाले तरी चालेल, विचार मात्र तूच, आईला मध्ये घालू नकोस.

सुरुवात येत्या रविवारी कर. दुपारी दुकान बंद असेल तेव्हा माळ्यावरचं पहिलं रजिस्टर खाली आण, टेबलावर उघड आणि शेजारी तो केशरी ढग ठेव. प्रदर्शनाचं नावही काढू नकोस. एवढंच विचार, "बाबा, हा नंबर कुणाचा?"